पायाची सूज, हातावरच्या चामखिळी आणि आतड्यातली गळती

नमस्कार. आज इंदूरहून, आमच्या स्वयंपाकघरातूनच बोलतेय. माझ्या मुलाला आतड्यातून प्रोटीन गळण्याचा आजार आहे, आणि त्याच्या उपचाराची सुरुवात इथूनच होते.

त्याच्या पायांना सूज यायची. घोट्याच्या वर अंगठ्यानं दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. लघवीतून प्रोटीन जात नव्हतं, लिव्हर ठीक, हृदय ठीक. तरी रक्तातलं अल्ब्युमिन, म्हणजे पाणी रक्तात धरून ठेवणारं प्रोटीन, खूप कमी. हातावर चामखिळी होत्या, त्या वेगळ्या डॉक्टरांकडे जाळून घ्यायचो, की पुन्हा हजर. दोन्हींचं मूळ एकच असेल, हे दोन वर्षं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

आजाराचं नाव इंटेस्टायनल लिम्फँजिएक्टेशिया. थॉमस वाल्डमन यांनी १९६१ मध्ये तो मांडला, म्हणून याच्या प्राथमिक, म्हणजे दुसऱ्या आजारामुळे न झालेल्या, प्रकाराला वाल्डमनचा आजार म्हणतात.

आपण खातो ते तूप-तेल आतड्यातल्या लिम्फच्या, म्हणजे शरीरातल्या एका पातळ द्रवाच्या, बारीक नलिकांतून पुढे जातं. इथं त्या नलिकाच फुगतात, आणि लिम्फ आतड्यात गळतो. त्याबरोबर प्रोटीन जातं, म्हणून सूज. अँटिबॉडी आणि लिम्फोसाइट नावाच्या, जंतूंशी लढणाऱ्या पेशीही जातात, म्हणून चामखिळीचा विषाणू शरीराला आवरत नाही. एंडोस्कोपीत आतड्यावर पांढरे ठिपके दिसले, अगदी पोह्यांवर खोबरं भुरभुरावं तसे. बायोप्सीनं, म्हणजे आतड्याचा बारीक तुकडा तपासून, खात्री झाली.

आता जेवण. तूप, शेव, तळण बंद. त्याऐवजी डॉक्टरांनी सांगितलेलं एमसीटी (मीडियम-चेन ट्रायग्लिसराइड) तेल, कारण ते लिम्फच्या वाटेनं न जाता बहुतांशी थेट लिव्हरकडे जातं. खोबरेल तेल म्हणजे एमसीटी नव्हे, ही गल्लत करू नका. आणि हे तेल फोडणीत तापवू नका, लवकर धुरावतं. शिजलेल्या वरणावर सोडा. प्रोटीन मात्र भरपूर. ए, डी, ई, के जीवनसत्त्वं आणि कॅल्शियम अधूनमधून तपासावंच लागतं.

कातडीकडे लक्ष हवंच. सुजलेल्या पायाला भेग पडली की जंतू आत शिरतात. पाय लाल, गरम, दुखरा झाला, ताप आला, तर सकाळची वाट बघू नका, लगेच डॉक्टरांकडे जा. मी रोज रात्री त्याच्या बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करते, एकेक बोट उजेडात धरून बघते. रविवारी पोह्यांवर शेव नसते. जिरावण मसाला आणि लिंबू जरा जास्त असतं.