जुना घोडा, नवा घोडा आणि मधला सगळा गोंधळ

नमस्कार मंडळी. आज घोड्यांबद्दल बोलायचंय, पण गवत खाणाऱ्या नाही, शेल्फवर उभ्या राहणाऱ्या. मॉडेल हॉर्स म्हणतात त्यांना. ज्यांना हा नाद माहीत नाही त्यांना एवढंच सांगते की ही नुसती पोरांची खेळणी नाहीत, चांगली मोठी माणसं नोकऱ्या-बिकऱ्या सांभाळून हे घोडे जमवतात, त्यांचे शो भरतात, जज येतात, रिबिनी मिळतात, आणि मग साहजिकच भांडणंही होतात. भांडणाचा ठरलेला विषय म्हणजे जुने घोडे भारी की नवे. हा वाद मी इतका ऐकलाय ना, की आता माझं ठाम मत झालंय, यातली निम्मी माणसं वेगवेगळ्या गोष्टींवर भांडत असतात आणि त्यांना वाटतं आपण एकाच गोष्टीवर भांडतोय.

कसं ते सांगते, पण थोडं मागून सुरुवात करावी लागेल.

अमेरिकेत शिकागोला ब्रेयर मोल्डिंग कंपनी म्हणून एक प्लास्टिकच्या वस्तू बनवणारी कंपनी होती. घोड्यांशी तिचा काही संबंध नव्हता. १९५० च्या सुमाराला एका घड्याळ कंपनीने त्यांच्याकडून एक घोडा करून घेतला, शेकोटीवरच्या फळीवर ठेवतात तसलं शोभेचं घड्याळ असायचं आणि त्याच्याजवळ हा वेस्टर्न खोगीर घातलेला घोडा उभा. झालं असं की लोकांना घड्याळापेक्षा घोडाच आवडला, नुसता घोडा मिळेल का म्हणून विचारणा व्हायला लागली, वूलवर्थसारख्या मोठ्या दुकानानेही रस दाखवला, आणि तिथून ही सगळी गाडी सुरू झाली. पुढची तीसेक वर्षं या कंपनीचे बहुतेक घोडे एकाच माणसाने घडवले, ख्रिस हेस त्याचं नाव. म्हणजे कुणी जेव्हा म्हणतं ना, मला जुने ब्रेयर आवडतात, तेव्हा बऱ्याचदा त्याला म्हणायचं असतं की मला हेसचा हात आवडतो. भरदार छाती, जाड मान, आयाळ मानेला चिकटलेली, चारही पाय जमिनीवर घट्ट. चेहऱ्यावर एक शांतपणा. तुम्हाला रेडिओवर दाखवता येत नाही म्हणून सांगते, तो घोडा तुमच्याकडे बघत नाही, तो आपल्याच विचारात उभा असतो.

आता नवे घोडे. १९८४ मध्ये ब्रेयर रीव्हज इंटरनॅशनलने विकत घेतली, कारभार न्यू जर्सीला गेला, पुढे उत्पादन चीनमध्ये गेलं, आणि घोडे घडवायला बाहेरचे वेगवेगळे शिल्पकार यायला लागले. कॅथलीन मूडीसारख्या शिल्पकार आल्या आणि आयाळी उडायला लागल्या, शेपट्या हवेत गेल्या, कातडीखालच्या शिरा दिसायला लागल्या, गुडघ्याची हाडं, नाकपुडीच्या आतली घडी, खुराच्या खालची बाजू, सगळं. ज्याने खऱ्या घोड्यांत आयुष्य काढलंय तो नवा घोडा हातात घेतो आणि म्हणतो, हां, याच्या मागच्या पायाचा सांधा बरोबर आहे. आणि जुना घेतला की म्हणतो, अहो हा असा उभा राहिला तर लंगडेल.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं, कारण "बरोबर" या गोष्टीचा नवेवाल्यांना फार माज असतो. घोडा चौखूर धावताना त्याचे चारही पाय हवेत कधी असतात हे १८७८ पर्यंत माणसाला नीट माहीतच नव्हतं. तोपर्यंतची चित्रं बघा, पुढचे पाय पुढे ताणलेले, मागचे मागे ताणलेले आणि घोडा मधे तरंगतोय. मग मायब्रिज नावाच्या फोटोग्राफरने कॅलिफोर्नियात ओळीने कॅमेरे लावून धावत्या घोड्याचे फोटो काढले तेव्हा कळलं की हवेत असतो तेव्हा त्याचे पाय पोटाखाली गोळा झालेले असतात. हजारो वर्षं घोड्यावर बसून फिरलेल्या माणसाला हे दिसलं नव्हतं! त्यामुळे हेसला नावं ठेवण्याआधी जरा दम धरा. आणि दुसरं, सगळे नवे बरोबर असतात असंही नाही हो. काही नव्या घोड्यांची आयाळ अशी असते की कुणीतरी समोर टेबलफॅन लावून ठेवलाय आणि शेपटीला मात्र वेगळंच वारं लागलंय. पायाची शीर अचूक पण अख्खा घोडा नाटकी. मला तो प्रकार नाही झेपत.

बरं, आता खरी गंमत. मोल्ड म्हणजे धातूचा साचा, तो एकदा केला की वर्षानुवर्षं चालतो. त्यात सेल्युलोज ॲसिटेट नावाचं प्लास्टिक घालून घोड्याचे अर्धे-अर्धे भाग काढतात, ते चिकटवतात, जोड घासून गुळगुळीत करतात आणि मग रंगवतात, आणि रंगकाम आजही माणसांच्याच हातांनी होतं. मग १९६० च्या दशकातल्या साच्यातून काल-परवा काढलेला, आजच्या पद्धतीने रंगवलेला घोडा जुना की नवा? आकार हेसचा, रंग आजचा. असले घोडे दरवर्षी येतात. कंपनीने तर सरळ दोन क्लबच काढले, एक व्हिंटेज क्लब, जुन्या साच्यांवर जुन्या वळणाचे रंग, आणि एक प्रीमियर क्लब, दर वेळी कोरा करकरीत साचा. भांडणारे दोघेही आपलेच ग्राहक आहेत हे कंपनीने बरोब्बर ओळखलं, आणि कितीतरी जण गुपचूप दोन्हीकडे पैसे भरतात.

म्हणजे "मला जुनं आवडतं" म्हणणाऱ्यांतला एक आकारावर जीव लावतो, त्याला कालचा रंग चालतो. दुसरा रंगावर. आणि तिसरा जो असतो ना तो सगळ्यात कट्टर, त्याला तोच घोडा हवा असतो, १९६२ मध्ये दुकानातून कुणीतरी नेलेला, कानाचं टोक घासलेला, प्लास्टिक पिवळं पडलेला. त्याला त्याच साच्यातला त्याच रंगातला नवा घोडा दिलात तर तो अपमान समजेल.

रंगावाल्यांचं जरा सविस्तर सांगते कारण मला त्यांचं फार कौतुक आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रेयरने डेकोरेटर म्हणून घोडे काढले. निळा घोडा, पांढऱ्या आयाळीचा, त्याला वेजवुड ब्लू. सोनेरी घोडा, गोल्डन चार्म. निळसर अंगावर पांढरे ठिपके, कोपनहेगन. सोनेरी अंगावर तसेच ठिपके, फ्लोरेंटाइन. कल्पना अशी की दिवाणखान्यातल्या सामानाला शोभून दिसतील. कुणी घेतले नाहीत हो! पोरांना खरा घोडा हवा होता, तपकिरी, पांढरा, अबलख, आणि मोठ्या माणसांना प्लास्टिकचा निळा घोडा हवा नव्हता. थोड्याच वर्षांत बंद पडले. आणि आज? आज तेच सगळ्यात जास्त शोधले जातात, कलेक्टर त्यांच्यासाठी जीव टाकतात, आणि कंपनीने तेच चार रंग पुन्हा पुन्हा आणलेत, नव्या साच्यांवरसुद्धा. घोड्याच्या हाडांवर तासन्‌तास बोलणारी माणसं निळ्या घोड्यापुढे गप्प होतात. खरेपणाच सर्वस्व असता तर असं कशाला झालं असतं.

अजून एक, लाकडासारखे रेघा असलेले घोडे, वुडग्रेन, तेही त्याच काळातले. दुरून बघाल तर लाकूड कोरून केलाय वाटतं. हे कुणाला आवडतात कुणाला अजिबात नाही, मधलं कोणी मला भेटलेलं नाही.

जुन्या रंगकामात एक गोष्ट होती जी आता कमी झालीये. कॅटलॉगमध्ये एकच नंबर, एकच रंग, पण वर्षावर्षाला घोडा वेगळा. कधी पायाचा काळा रंग गुडघ्यापर्यंत, कधी नुसता घोट्यापर्यंत. कधी डोळ्याच्या कोपऱ्यात पांढरं, कधी नुसता काळा टिपका. आधी चकचकीत, नंतर मॅट. मग एकाच घोड्याचे आठ-दहा प्रकार जमवणारे लोक तयार झाले आणि बाहेरच्या माणसाला वाटतं याच्या शेल्फवर एकच घोडा परत परत का ठेवलाय. १९७० च्या दशकात तेलाच्या टंचाईत हे प्लास्टिक मिळेना, तर मिळेल त्या रंगीत प्लास्टिकमध्ये घोडे काढले आणि वरून पांढऱ्या रंगाचा हात मारून मग नेहमीचं रंगकाम केलं. त्यांना चॉकी म्हणतात, खडूसारखे दिसतात म्हणून. कारखान्याची अडचण होती ती, आणि आज चॉकी मिळाला की माणसं नाचतात. नवेवाल्यांना हे कळत नाही. त्यांचं म्हणणं, अरे हा तर निव्वळ जुगाड आहे. बरोबरच आहे त्यांचं.

पण नव्यांची बाजूही घेते, नाहीतर मला पत्रं येतील. नव्या घोड्याचं रंगकाम शेजारी ठेवून बघा. नाकाजवळचा गुलाबी, त्यात हलका करडा मिसळलेला, खुरांवर उभ्या रेघा, ठिपके एकसारखे नाहीत तर खऱ्या करड्या घोड्यासारखे पोटाकडे विरळ होत गेलेले. आणि जातींची विविधता बघा. आधी अरबी, मस्टँग, क्लाइड्सडेल असे थोडेच, आता कितीतरी जातींना स्वतःचा साचा मिळतो, आधी काय व्हायचं, एखाद्या जातीचा साचाच नसेल तर दुसऱ्याच घोड्याला रंग देऊन नाव बदलायचे. ज्या माणसाला आपल्या आवडीच्या जातीचा नेमका घोडा हवाय त्याने जुन्याची वाट का बघावी. एकच तक्रार, नवे घोडे उभे राहायला नाटकं करतात. पाय बारीक, त्यातले दोन हवेत, मग पारदर्शक आधार लावा, उकाड्यात एका बाजूला कलले की शेल्फवरच्या शेजाऱ्याला घेऊन पडतात. हेसचे घोडे पोरांनी अंगणात खेळावेत म्हणून केलेले, ते उभे राहायचे.

छोट्या घोड्यांत तर वाद अजून मजेशीर आहे. स्टेबलमेट्स म्हणून तळहातावर मावणारे घोडे १९७५ मध्ये आले, ते मॉरीन लव्ह या शिल्पकाराच्या कामावरून केलेले. ही बाई हेगन-रेनेकर या कॅलिफोर्नियातल्या सिरॅमिक कंपनीसाठी घोडे घडवायची, आणि सिरॅमिकवाले लोक तिच्या नावाने शपथा घेतात. त्यामुळे इथे उलटं होतं, जुन्या स्टेबलमेटला कुणी ओबडधोबड म्हणत नाही, उलट पुढच्या पिढ्यांचे छोटे घोडे आले तेव्हा जुनेवाले म्हणाले, हे जास्त खेळण्यासारखे दिसतात. म्हणजे जुनं साधं आणि नवं अचूक हा हिशोबही सगळीकडे लागत नाही.

याचा निकाल शोमध्ये कसा लावतात ते मला सगळ्यात आवडतं. उत्तर अमेरिकेतल्या मोठ्या शोमध्ये कारखान्यातून आला तसाच ठेवलेला घोडा टेबलावर ठेवला की त्याच्याकडे दोनदा बघतात. एकदा जात म्हणून, म्हणजे हा अरबी आहे तर खऱ्या अरबी घोड्यासारखा आहे का, सांधे, चाल, रंग. आणि एकदा कलेक्शनची वस्तू म्हणून, म्हणजे किती दुर्मिळ, किती जुना, किती जपलेला. घोडा तोच, टेबल तेच, दोन वेगळे निकाल. जातीत बहुतेक वेळा नवे जिंकतात, दुसऱ्यात पिवळट चॉकी बाजी मारून जातो. वाद मिटवायच्या भानगडीत कुणी पडलंच नाही.

माझं विचाराल तर मी आकारावाली आहे. मला हेसचा फॅमिली अरेबियन आवडतो, जो इतका विकला गेला की कलेक्टर त्याच्याकडे बघतही नाहीत. घोडा, घोडी, शिंगरू, तिघांचा सेट. मान जरा जास्तच वळलेली आहे, मान्य. तरी आवडतो.

आणि शेवटी एक कामाचं सांगून जाते, कारण कस्टम करणारे बरेच जण ऐकत असतात. जुना खरचटलेला घोडा स्वस्तात घ्यायचा, घासायचा, मान-पाय गरम करून वळवायचे आणि नव्यासारखा रंगवायचा, हे सगळे करतात आणि मला त्यात पाप वाटत नाही, फॅमिली अरेबियन तर खुशाल घ्या. पण सँडपेपर लावायच्या आधी मागच्या पायाची आतली बाजू आणि पोट उजेडात धरून बघा. कंपनीचा गोल शिक्का आहे का, त्याच्याबरोबर यूएसए आहे का, म्हणजे साधारण १९७० नंतरचा, की शेजारी बी अक्षर आहे, म्हणजे १९८० च्या आसपासचा. आणि कुठे रंग उडालाय तिथे नखाएवढ्या जागेत खाली काय दिसतं ते बघा. पांढऱ्याखाली पांढरंच असेल तर चालू द्या तुमचं. पांढऱ्याखाली भलत्याच रंगाचं प्लास्टिक दिसलं तर मात्र हात थांबवा, आणि आधी एखाद्या जुनेवाल्याला फोटो पाठवा. तो दहा मिनिटांत उत्तर देईल, रात्री दोन वाजता पाठवला तरी.