आधी रांगा, मग चाला

श्रोतेहो, नमस्कार. अर्धांगाचा झटका येऊन गेला, माणूस घरी आला, आता त्याला चालतं कसं करायचं? बीपी, गोळ्या, पथ्य तुम्हाला ठाऊक आहे, ते सोडूनच देते.

पेद्रो बाख-इ-रिता हे मूळचे कॅटलन, म्हणजे स्पेनमधल्या कॅटलोनियाचे कवी, न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात प्राध्यापक. 1959 साली, वयाच्या 65व्या वर्षी झटका आला. अर्धं अंग लुळं, वाचा बंद. चार आठवडे व्यायाम झाले, फरक शून्य. मुलगा जॉर्ज मेक्सिकोत डॉक्टरकी शिकत होता, तो वडिलांना तिकडे घेऊन गेला. पुनर्वसनातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं. माझं मत विचाराल, तर तेच बरं झालं! तो म्हणाला, मूल आधी रांगतं, मग चालतं; बाबाही आधी रांगतील. गुडघ्यांना पॅड बांधले, दुबळा खांदा भिंतीला टेकवला आणि प्राध्यापकसाहेब रांगू लागले. घरात, मग बागेत. शेजारी म्हणाले, विद्वान माणसाला जनावरासारखं रांगवता? पोरगा बधला नाही. जमिनीवर नाणी टाकायची, ती दुबळ्या हाताने उचलायला लावायची. पातेली घासायलाही तोच हात, आधी घड्याळाच्या काट्यांसारखा गोल, मग उलटा गोल. रांगता रांगता गुडघ्यांवर, गुडघ्यांवरून उभे, मग चाल! 68व्या वर्षी ते पुन्हा पूर्णवेळ शिकवू लागले. 72व्या वर्षी कोलंबियात, बोगोटाजवळच्या डोंगरात चढताना हृदयविकाराने गेले. शवविच्छेदनात काय दिसलं? मेंदूतली इजा होती तशीच होती. राहिलेल्या मेंदूने काम अंगावर घेतलं होतं.

आणि आपल्याकडे लुळ्या अंगाला अजून कबुतराचं रक्त चोळतात. त्या मुक्या जिवाचा काय गुन्हा? चोळणाऱ्याचा खिसा तेवढा भरतो.

असो. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुबळा पाय आधी. पुन्हा ऐका: चढताना चांगला, उतरताना दुबळा. काठी चांगल्या हातात. सोबतच्याने दुबळ्या बाजूला उभं राहायचं, पण त्या हाताला धरून ओढायचं नाही, खांदा निसटतो. कमरेला पट्टा बांधा, तो धरा. खुर्चीतून हात न टेकता उठबस जमते का, ते रोज बघा. दोन्ही पायांवर सारखा भार हवा. हल्लीच्या त्या आरशासारख्या फरशा कुणाच्या डोक्यातून निघाल्या, देव जाणे! न्हाणीघरात तरी खरखरीत फरशी बसवा, भिंतीला दांडा लावा.

रांगणं मात्र सगळ्यांना झेपत नाही. खांदा दुखत असेल, गुडघे झिजले असतील, तर आधी फिजिओथेरपिस्टला विचारा. आणि मागे पट्टा नसलेल्या सपाता आजच माळ्यावर टाका.