समोरच्याला काय दिसतंय?

श्रोतेहो, नमस्कार. नव्या गिऱ्हाइकाला ईमेल पाठवताना आपण भाव तपासतो, जीएसटी नंबर तपासतो, पण फॉन्ट मात्र असेल तो राहू देतो. एक गोष्ट आधीच सांगते, पुढे परत सांगेन. मेलबरोबर फॉन्ट जात नाही, फक्त फॉन्टचं नाव जातं.

आमच्या रामबागेत एक काकू आहेत. गोडा मसाला आणि मेतकूट करतात, इंदूरच्या कितीतरी मराठी घरांत त्यांचाच मसाला असतो. पुण्याच्या एका दुकानदारानं त्यांना फोनवर सांगितलं, ‘‘काकू, भावपत्रक मेलवर पाठवा.’’ काकूंचा पुतण्या टायपिंग क्लासला कृतिदेव हा देवनागरी फॉन्ट शिकलेला. आपल्या मध्य प्रदेशात क्लासमध्ये वर्षानुवर्षं तेच शिकवत आले. त्यानं वर्डमध्ये झकास मराठी पत्र टाईप केलं, मेलमध्ये चिकटवलं आणि पाठवलं. आठवडा गेला, उत्तर नाही. काकू हिरमुसल्या. ‘‘भाव जास्त वाटला असेल रे त्यांना.’’

शेवटी मीच म्हटलं, फोन तर लावून बघू. दुकानदार म्हणाले, ‘‘अहो काकू, इथे मराठी कुठाय? पहिलाच शब्द यू, ई, एल, डी, के, जे असा आहे. मला वाटलं व्हायरस आला, म्हणून उघडून बंद केलं.’’ पुतण्यानं इकडे मेल उघडली, तर स्वच्छ ‘नमस्कार’! दोघंही खरं बोलत होते. कृतिदेवमध्ये आत साठवलेली अक्षरं इंग्रजीच असतात, त्यांना देवनागरी रूप देतो तो फॉन्ट. न म्हणजे यू, म म्हणजे ई, अर्धा स म्हणजे कॅपिटल एल. पुण्याच्या कॉम्प्युटरवर कृतिदेव नव्हता, म्हणून नुसती इंग्रजी अक्षरं उरली. पुतण्यानं तेच पत्र युनिकोडमध्ये, म्हणजे जिथे आत साठवलेली अक्षरंही देवनागरीच असतात, टाईप केलं आणि संध्याकाळी फोन आला, ‘‘मेतकुटाचा नमुना पाठवा.’’ काकूंचा चेहरा बघायला हवा होतात!

तर परत सांगते, फॉन्ट जात नाही, नाव जातं. मराठी किंवा हिंदी मेल युनिकोडमध्येच लिहा. विंडोजमधले मंगल, निर्मला हे युनिकोडचेच फॉन्ट. समोर ते नसले तरी दुसरा देवनागरी फॉन्ट लागतो आणि मजकूर शाबूत राहतो. अक्षर इंग्रजीपेक्षा थोडं मोठं ठेवा, नाहीतर रफार आणि जोडाक्षरं चेपतात. फॉन्टला पर्याय असेल तर मराठी वळणाचा ल आणि श असलेला निवडा.

इंग्रजी मेलला एरियल, व्हर्डाना किंवा जॉर्जिया घ्या, आकार अकरा-बारा. हे विंडोजवरही असतात आणि मॅकवरही. त्यातही भावपत्रकाला माझी पसंती व्हर्डानाला. फॉन्ट घडवणारे मॅथ्यू कार्टर यांनी तो खास स्क्रीनसाठी केला, १९९६ साली आला. एरियलमध्ये कॅपिटल आय आणि स्मॉल एल दोन्ही नुसत्या उभ्या रेघा दिसतात. व्हर्डानात आय, एल आणि एकचा आकडा तिन्ही वेगळे ओळखू येतात. मालाचा कोड किंवा बँकेचा आयएफएससी कोड लिहिताना हे फार उपयोगी. कॉमिक सॅन्स हा गमतीदार अक्षरांचा फॉन्ट वाढदिवसाच्या आमंत्रणाला ठेवा. एका मेलला एकच फॉन्ट, आणि रंग काळा.

पाठवण्याआधी ती मेल घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी मोबाईलवर उघडून बघा, आपल्या नव्हे. आणि दुकानाचा फोन नंबर लोगोच्या चित्रात घालू नका, खाली टाईप करा. पुष्कळ ठिकाणी मेलमधली चित्रं आपोआप उघडत नाहीत, आणि गिऱ्हाईक नंबर शोधत बसतं. नमस्कार.