विचारू की नको?

(दृश्य : रात्र. कुलपात किल्ली फिरते. आत दिवा चालू आहे.)

निवेदन :
रात्रीचे सव्वाअकरा. मुलगा १६ वर्षांचा. बूट काढतो, "जेवलोय" एवढंच म्हणतो आणि खोलीचं दार लोटून घेतो. आई दाराबाहेर उभी. विचारू की नको?

खरं तर मुलांच्या व्यसनांबद्दलची ही फिल्म आम्ही सुई, अंधार आणि रडणारं घर यांनी सुरू करणार होतो. मग वाटलं, घाबरवण्याचा प्रयोग तर आधीच होऊन गेलाय. १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये पोलीस शाळेच्या वर्गात येऊन मुलांना अमली पदार्थांबद्दल सावध करू लागले. तो कार्यक्रम देशभर पसरला. पुढे अभ्यासकांनी तपासलं, तेव्हा मुलांच्या वागण्यावर त्याचा टिकाऊ परिणाम जवळजवळ दिसलाच नाही.

कारण धोका पोरांना माहीत असतो. विचारा, धडाधड सांगतील. पण कपाळामागचा मेंदूचा जो भाग "थांब, पुढचं बघ" म्हणतो, तो साधारण पंचविशीपर्यंत घडत असतो. थरार आणि मित्रांची वाहवा यांना भुलणारा भाग मात्र आधीच जोरात असतो. त्यात चार मित्र शेजारी उभे असले, की माहिती बाजूला राहते. शिवाय या वयातला मेंदू सगळंच पटकन शिकतो, व्यसनही. व्हेपमधलं, म्हणजे ई-सिगारेटमधलं, निकोटिन काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं. सुरुवात जितकी लवकर, तितकं पुढे व्यसन जडण्याचा धोका जास्त.

(दृश्य : बर्फाळ रस्ता, फुटबॉलचं मैदान.)

आइसलँडमध्ये १९९८ साली १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं मागच्या महिन्याभरात कधीतरी दारूने झिंगली होती. २०१६ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर आलं. रोज सिगारेट ओढणारे २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर. तिथे काय केलं? संध्याकाळी मुलांना खेळ, संगीत, नृत्य मिळालं. रात्री किती वाजता घरी यायचं ते ठरलं. पालकांनी आपसात लेखी करार केले. आणि आई-वडिलांना सांगितलं गेलं, मुलांबरोबर रोजचा साधा वेळ वाढवा. अधूनमधून चार तास काढून भागत नाही.

साधा वेळ. ऐकायला किती फिकं वाटतं, नाही?

(दृश्य : औषधांचा डबा उघडतो.)

आता हा डबा. गेल्या वर्षीच्या ऑपरेशननंतर उरलेल्या वेदनाशामक गोळ्या, आजीच्या झोपेच्या गोळ्या, खोकल्याच्या औषधाची अर्धी बाटली. नशेची पहिली वस्तू नेहमी बाहेरूनच येते असं नाही. गोळ्या मोजा, डब्याला कुलूप लावा, उरलेल्या गोळ्या औषधाच्या दुकानात परत घेतात का ते विचारा. दहा मिनिटांचं काम, पण आपण ते पुढे ढकलत राहतो.

मग ओळखायचं कसं? उशिरा झोपणं ही खूण नाही. या वयात झोपेचं घड्याळच पुढे सरकतं, आणि गरज तर ८ ते १० तासांची असते. चिडचिड? तीही एकटी पुरेशी नाही. पण जुने मित्र एकदम सुटले, पैसे नाहीसे होऊ लागले, आवडता खेळ बंद पडला, आणि हे सगळं काही आठवडे टिकलं, तर थांबून बघा. हीच लक्षणं नैराश्याचीही असतात. म्हणून आधी दप्तर तपासू नका, डॉक्टर गाठा.

आणि मूल हाक मारून उठत नसेल, श्वास मंदावला असेल, ओठ निळे पडले असतील, तर लगेच रुग्णवाहिका बोलवा. श्वास चालू असेल तर कुशीवर वळवा. एकटं सोडू नका. काय घेतलंय ते कळलं असेल तर डॉक्टरांना खरंखरं सांगा, अब्रूचं नंतर बघू.

(दृश्य : दुसरी संध्याकाळ. बाप-लेक उलट्या ठेवलेल्या सायकलची साखळी बसवतायत.)

समोरासमोर बसवून विचारलं की या वयातली पोरं गप्प होतात. हात कामात असले, नजर सायकलवर असली, की बोलतात.

"आमच्या वर्गातला एकजण व्हेप आणतो."

बापाचा हात थांबतो. घशाशी आलेलं व्याख्यान तो गिळतो. मग पुन्हा साखळी ओढायला लागतो.

"पाना दे इकडे... बरं, मग?"