लूत नव्हे, जातच तशी

श्रोतेहो, नमस्कार.

माझी लेक पुण्यात नोकरीला होती. कंपनीनं तिला परदेशी पाठवलं आणि तिचं कुत्रं आलं माझ्याकडं, परभणीला. "आई, सहाच महिने सांभाळ," म्हणाली. आता दुसरा उन्हाळा लागला.

डोक्यावर झुलपं, शेपटीला गोंडा, पायांत मोजे घातल्यासारखे केस, आणि मधलं सगळं अंग सोललेल्या शेंगदाण्यागत. म्हणून शेंग्या. जातीचं नाव चायनीज क्रेस्टेड.

पहिल्याच आठवड्यात शेजारच्या मावशी डबडं घेऊन आल्या. आत ट्रॅक्टरचं जळकं ऑइल. "लूत भरलीय ओ लेकराला. हे चोपडा, केस येतेत बघा." पोटात माया होती बाईच्या, म्हणून मी चहा पाजला आणि डबडं परत दिलं. पण श्रोतेहो, लूत भरलेल्या कुत्र्यालासुद्धा हे ऑइल लावू नका. कुत्रं अंग चाटतं, ऑइल पोटात जातं, कातडी पोळते ती वेगळीच. लूत होते डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्यांमुळं. अंगावर खपल्या येतात, खाजवून खाजवून जीव हैराण होतो. त्यावर जनावरांच्या डॉक्टरकडं चांगलं औषध मिळतं. आपल्या परभणीत आणि उदगीरला तर पशुवैद्यक महाविद्यालयंच आहेत.

शेंग्याला खाज नाही, खपली नाही. तो जन्मतःच असा. मेक्सिकोत शोलो नावाचं एक कुत्रं आहे, फार जुन्या काळापासूनचं. पेरू देशातही तसंच एक आहे. या तिघांचं टक्कल एकाच जनुकातल्या बदलानं आलेलं, हे शास्त्रज्ञांनी 2008 साली दाखवून दिलं. गंमत अशी, की बिनकेसांच्या जोडप्याला पिल्लं झाली तर त्यांत एखादं भरघोस केसांचंही निघतं. याच जनुकापायी दातही कमी येतात. शेंग्याच्या दाढा मोजक्याच. त्यामुळं ज्वारीची भाकरी कोमट पाण्यात कुस्करून, वर उकडलेलं अंडं, असं त्याचं जेवण.

केस नाहीत म्हणजे उन्हाळ्यात त्याला बरं, असं मलाही वाटलं होतं. उलटं निघालं. केस ऊनसुद्धा अडवतात. याची उघडी पाठ आपल्या कातडीसारखी भाजते, आणि आपल्यासारखा अंगभर घाम मात्र येत नाही, धापा टाकूनच गार व्हायचं. मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की आमचं फिरणं सकाळी सातच्या आत किंवा दिवस मावळल्यावर. अंगात सुती झबलं. दुपारभर तो शहाबादी फरशीवर पालथा. माणसांची उन्हाची क्रीम लावू नका. काहींत झिंक ऑक्साइड असतं, चाटल्यावर ते कुत्र्याला बाधतं. डॉक्टरांना विचारून कुत्र्यांसाठीची आणा.

तेलाची माझीच फजिती सांगते. कातडी कोरडी दिसली म्हणून दिवाळीच्या अभ्यंगासारखं खोबरेल रोज चोळलं. पंधरा दिवसांत पाठभर काळ्या पुटकुळ्या! तरण्या पोराच्या तोंडावर येतात तशा. डॉक्टर म्हणाले, "बाई, छिद्रं बुजवलीत तुम्ही." आता आठवड्याला एक अंघोळ, कुत्र्यांच्या सौम्य शाम्पूनं, आणि हाताला राहील एवढंच तेल. नळाला आठ-आठ दिवस पाणी नसतं तेव्हा ओल्या फडक्यानं पुसून घेते, भागतं. एक सुख मात्र आहे, गोचीड चिकटली की लांबून दिसते.

हौसेपायी असलं कुत्रं विकत आणा, असं मी कुणाला सांगणार नाही. याच्यामागं रोजचं काम आहे.

थंडीत परभणी किती गारठते, तुम्हाला ठाऊकच आहे. एका स्वेटरनं शेंग्याचं भागत नाही, रात्री तो माझ्या गोधडीत शिरतो. कुत्र्याचं अंग मुळात आपल्यापेक्षा दोन-तीन अंश फॅरनहाइट गरम, आणि मधे केस नाहीत, त्यामुळं हाताला गरम पाण्याची पिशवीच लागते. मेक्सिकोत पूर्वी दुखऱ्या सांध्यांना शोलो बिलगून घ्यायचे म्हणतात. मी हे मावशींना एकदा बोलता बोलता सांगून बसले.

यंदा पौषात त्या रोज संध्याकाळी यायच्या. "आण गं तुझा शेंग्या," म्हणायच्या, आणि गुडघ्यावर घेऊन बसायच्या.