आत्ता नाही, इथे नाही

(पडद्यावर: सूक्ष्मदर्शकाखाली सुळकन पळणारे, किंचित वाकडे जिवाणू.)

हा व्हिब्रिओ कॉलरी. पटकीचा जिवाणू. अंग स्वल्पविरामासारखं वाकलेलं, मागे एकच शेपूट. खाडीच्या मचूळ पाण्यात, कवचवाल्या बारीक जीवांना चिकटून तो निवांत राहतो. ज्या विषामुळे त्याचं नाव बदनाम झालं, ते विष तो तिथे जवळजवळ बनवतच नाही.

विषाची कृती मात्र सतत त्याच्याजवळ असते. 2000 साली त्याची संपूर्ण जनुकीय संहिता वाचून झाली. दोन गुणसूत्रं, सुमारे 40 लाख अक्षरं, 3,900च्या आसपास जनुकं. त्यात विषाची जनुकं फक्त दोन. आपण पाण्यातून माणसाच्या पोटात आलो, हे त्या दोघांना सांगतं कोण?

(पडद्यावर: आतड्याचं आतलं अस्तर, बोटांसारखे उंचवटे.)

त्याआधी विषाबद्दल थोडं. 1959 साली कोलकात्याचे शंभूनाथ डे यांनी दाखवून दिलं की जिवाणू गाळून काढलेलं नुसतं द्रवही सशाच्या आतड्यात पाणी भरवतं. म्हणजे करामत जिवाणूनं बाहेर सोडलेल्या विषाची. हे विष आतड्याच्या पेशीतलं एक बटण चालू अवस्थेतच अडकवून ठेवतं. मग क्षार बाहेर, त्यांच्यामागे पाणी बाहेर. गंभीर रुग्णाच्या शरीरातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकतं.

आता जिवाणूच्या बाजूनं बघू. जठरातल्या आम्लात त्याचे बहुतेक भाऊबंद मेले. जे तगले ते लहान आतड्यात उतरले.

(पडद्यावर: जिवाणूच्या पटलाचं रेखाटन. पटलात रुतलेलं एक प्रथिन.)

त्याच्या पटलात, म्हणजे पेशीभोवतीच्या पातळ आवरणात, टॉक्स-आर नावाचं प्रथिन आरपार रुतलेलं असतं. 1984 साली ते उजेडात आलं. त्याचं एक टोक पटलाबाहेरची हालहवाल घेतं, तर दुसरं थेट डीएनएला हात घालतं. उंबरठ्यावर एक पाय आत, एक पाय बाहेर ठेवून बसलेला राखणदारच. टीसीपी-पी नावाचा जोडीदार घेऊन तो टॉक्स-टी या मुकादम प्रथिनाचं जनुक चालू करतो. मग मुकादम दोन कामं एकदम काढतो: विष बनवणं, आणि अस्तरावर जम बसवायला लागणारे केसांसारखे तंतू विणणं.

पण मुकादम हजर झाला तरी काम लगेच सुरू होत नाही, आणि मला या सगळ्या यंत्रणेत सर्वांत देखणी वाटते ती ही जागा. टॉक्स-टीच्या अंगात एक खाच आहे. 2010 साली त्याची त्रिमितीय रचना उलगडली, तेव्हा त्या खाचेत एक मेदाम्ल बसलेलं सापडलं. पित्तात अशी मेदाम्लं असतात. ती खाचेत असेपर्यंत मुकादमाचे हात बांधलेले. जिवाणू आतड्याच्या पोकळीतून श्लेष्माचा, म्हणजे चिकट स्रावाचा, थर पार करून अस्तराला भिडला की तिथे मेदाम्लं कमी, बायकार्बोनेट जास्त. हात तिथे मोकळे होतात, असं चित्र संशोधक मांडतात. विष हवं तिथेच, भिंतीला टेकून सुटतं. 2005 साली व्हर्स्टॅटिन नावाचा रेणू सापडला, तोही या टॉक्स-टीलाच अडवतो. उंदरांच्या पिल्लांमध्ये त्यानं जिवाणूला आतड्यात बस्तानच बसू दिलं नाही.

आणि गंमत म्हणजे हे हत्यार उसनं आहे. 1996 साली वॉल्डर आणि मेकालानोस या संशोधकांनी दाखवलं की विषाची जनुकं एका विषाणूनं आणलेली आहेत. तो विषाणू आत शिरतो त्याच तंतूंना धरून, जे मुकादम विणून घेतो. मुकादमाचं जनुकही बाहेरून आलेल्या डीएनएच्या तुकड्यावर आहे. राखणदार तेवढा घरचा.

(पडद्यावर: अस्तरावर जिवाणूंची दाटी.)

जिवाणू वाढतात, गर्दी होते. प्रत्येक जण रासायनिक इशारे सोडत असतो; दाटी झाली की ते साचतात आणि हॅप-आर नावाचं प्रथिन जागं होतं. ते विषाचा कारखाना बंद करायला लावतं आणि पकड सोडवणारं विकर बनवायला घेतं. इतर अनेक रोगजंतू नेमके उलटे वागतात: स्टॅफिलोकॉकस ऑरियस गर्दी जमल्यावरच आपली बरीचशी विषं बाहेर काढतो. पटकीच्या जिवाणूला मात्र गर्दी म्हणजे निघायची वेळ.

पाण्याच्या लोंढ्याबरोबर तो बाहेर पडतो. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रुग्णांच्या शरीरातून नुकतेच बाहेर आलेले जिवाणू तपासले. विषाची जनुकं तेव्हा शांत होती. तरीही प्रयोगशाळेत वाढवलेल्या जिवाणूंपेक्षा हे उंदरांच्या पिल्लांना कितीतरी सहज लागण करत होते, आणि तळ्याच्या पाण्यात सोडल्यावरही त्यांची ही धार काही तास टिकून राहिली.

(पडद्यावर: संथ पाणी. एक जिवाणू, शेपूट हलवत.)