गोटीएवढी गाठ

नमस्कार मंडळी. डॉक्टरांनी ट्रायल, म्हणजे नव्या औषधाची पेशंटवर केलेली चाचणी, हा शब्द काढला की घरात पहिलं वाक्य ठरलेलं, "म्हणजे हिच्यावर प्रयोग करणार का?" यावर मला एक गोष्ट सांगायला फार आवडते, आधी तीच सांगते.

साल 1992, लॉस एंजेलिस. स्तनाच्या कॅन्सरची एक पेशंट, उपचार सगळे झालेले आणि आता कॉलरबोनच्या वर गोटीएवढी गाठ परत आलेली. कॅन्सर हर-टू पॉझिटिव्ह, म्हणजे पेशींवर हर-टू नावाचं प्रोटीन भरमसाट, त्यामुळे झपाट्याने पसरणारा. बाईंनी ठरवलेलं, आता बास, किमो नको, ट्रायलही नको. मग ट्रायल चालवणारे डॉ. डेनिस स्लेमन यांनी स्वतः फोन केला. हल्ली रिपोर्ट नुसते व्हॉट्सॲपवर येऊन पडतात, पण अशा वेळी डॉक्टरनेच फोन करावा, पाच मिनिटं बोलावं, हे माझं ठाम मत आहे. असो. तर बाई तयार झाल्या. सगळ्या मिळून 15 जणी, आणि औषधं दोन, हर-टूला जाऊन चिकटणारी नवी अँटीबॉडी आणि जोडीला सिस्प्लॅटिन हे जुनं किमोचं औषध. गाठ वरच्यावर, बोटाने चाचपता येणारी, ती दोनेक महिन्यांत बारीक होत गेली! बाई पुढे कितीतरी वर्षं जगल्या. सगळ्याच जणींचं असं झालं नाही हो, काहींचा आजार वाढतच गेला, त्यांचंही नाव घ्यायला हवं. तीच अँटीबॉडी, ट्रास्टुझुमॅब, 1998 ला अमेरिकेत मंजूर झाली.

आता ट्रायलचा पहिला टप्पा म्हणजे काय, थोडक्यात. तिथे मुख्य प्रश्न डोसचा असतो. बऱ्याचदा आधी तिघींना कमी डोस देतात, थांबतात, त्रास बघतात, मगच पुढच्या तिघींना वाढवून देतात. दोन औषधं एकेकटी सोसतात पण एकत्र दिली की प्लेटलेट उतरतात, लिव्हर कुरकुरतं, म्हणून इतकं जपून. परत सांगते, पहिल्या टप्प्यात मुख्य प्रश्न डोसचा.

ट्रिपल निगेटिव्ह, म्हणजे हर-टू आणि दोन्ही हार्मोनचे रिसेप्टर नसलेला स्तनाचा कॅन्सर, त्याचंही तसंच, किमोसोबत पेम्ब्रोलिझुमॅब हे प्रतिकारशक्तीला कामाला लावणारं औषध आधी 60 जणींच्या छोट्या ट्रायलमध्ये दिलं, मग मोठी ट्रायल, आणि 2021 ला अमेरिकेत लवकरच्या स्टेजसाठी मंजुरी.

तुमच्या घरात कुणाला ट्रायलसाठी विचारलं तर संमतीपत्र मराठीत मागा, घरी आणा, सावकाश वाचा. आणि एक प्रश्न कागदावर लिहूनच न्या, "हा डोस माझ्याआधी किती जणींना दिलाय, आणि त्यांना काय त्रास झाला?"